भर मेमध्ये आमराईत लग्न: पाहुण्यांचे हाल होतील का?

पत्र: ताई, नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलंय. आमचं गाव फलटण तालुक्यात. बहीण पुण्यात नोकरी करते. तिची एकच इच्छा, लग्न कार्यालयात नको, आपल्या शेतातल्या आमराईत व्हावं. वडील नाहीत, त्यामुळे सगळं माझ्यावर आहे. मुहूर्त १२ वाजून २८ मिनिटांचा निघालाय. सातशे माणूस धरलंय. मुलाकडची मंडळी ठाण्याची, त्यांत वयस्कर बरेच. आमच्या आजीचं वय ८४. आई म्हणते, गुमान कार्यालय बघ, नाहीतर लोक शिव्या घालतील. मंडपवाला म्हणतो, दादा, टेन्शन घेऊ नका, पाण्याचे बारीक फवारे मारणारे फॉगर लावू. काय करावं? – एक भाऊ

उत्तर: भाऊ, आईंची भीती खरी आहे आणि बहिणीची हौसही वावगी नाही. दोघींचं जमू शकतं, पण त्यासाठी मंडपवाल्याच्या आधी गुरुजींना गाठावं लागेल. तुमची खरी अडचण त्या १२:२८ मध्ये आहे.

आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर आणि फलटण त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे मेमध्ये तुमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास. त्यात मेचा दुसरा आठवडा म्हणजे तुमच्या भागातले शून्य सावलीचे दिवस, खांबाची सावली खांबाच्याच बुडाशी जाते. गुरुजींनी बहुधा अभिजित मुहूर्त धरलाय. तो असतोच मुळी मध्यान्हीचा. पंचांगाच्या हिशेबाने तो उत्तम असेल, पण सातशे माणसांना शेतात बसवायला वर्षातली याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

आणि १२:२८ हे फक्त पत्रिकेवर. तुम्हीही लग्नं पाहिली आहेत. लोक अकरापासून येऊन बसतात, अक्षता पडायला सव्वा वाजतो, पहिली पंगत उठेपर्यंत दोन-अडीच. म्हणजे माणूस तुमच्याकडे उन्हाच्या ऐन भरात साडेतीन तास काढणार. पारा चाळिशीच्या आसपास असताना कुठलाही फॉगर एवढं झाकू शकत नाही.

तेव्हा गुरुजींना स्पष्ट विचारा: सकाळचा मुहूर्त निघतो का? नऊ ते दहाच्या दरम्यानचा. पुष्कळ जण अशा वेळी गोरज मुहूर्ताकडे वळतात, कारण संध्याकाळ प्रसन्न असते आणि फोटो छान येतात. ते खरंच आहे. पण मेमध्ये तुमच्या भागात दिवसभर तापलं की चार ते सातच्या दरम्यान ढग चढतात, वावटळ उठते आणि वळीव कोसळतो. गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ, तुमच्याकडे सातच्या जरा आधी. मुहूर्त वळवाच्या तोंडावरच येतो. पाऊस रोज येत नाही, पण आला तर विजांसकट येतो आणि तुमचं लग्न आंब्याच्या झाडांखाली आहे. सकाळी हा धोका फार कमी असतो. सहाला उजाडतं, नऊला हवा सुसह्य असते, पावणेदहाला अक्षता पडल्या तर साडेदहाला पंगत बसते आणि ऊन करपायला लागेपर्यंत बहुतेक पाहुणे जेवून गाडीत बसलेले असतात.

ठाण्याची माणसं सकाळी नऊला कशी पोचणार, हा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर आपल्या रीतीतच आहे. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असतं, तेव्हा वऱ्हाड आदल्या दिवशीच उतरवायचं. फलटणात लॉजच्या आणि एखाद्या कार्यालयाच्या खोल्या मुक्कामापुरत्या घ्या. बाकीच्या सातशेत बहुतेक जण तालुक्यातलेच असतील, त्यांना सकाळी यायला काहीच अडचण नाही. उलट दुपारी दुसरं लग्न गाठता येतं म्हणून ते खूशच होतील.

गुरुजी म्हणाले की या तारखेला १२:२८ शिवाय मुहूर्तच नाही आणि तारीखही हलत नाही, तर माझा सल्ला आईंच्या बाजूने आहे. अक्षता कार्यालयात टाका. हळद आणि सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी आमराईत करा, जवळच्या दीडशे माणसांत. बहिणीला झाडांखालचे फोटोही मिळतील आणि आजींनाही त्रास होणार नाही. इथून पुढचं सगळं सकाळचा मुहूर्त मिळाला असं धरून लिहिते.

मुहूर्त मिळाला की तो पाळायचा, आणि इथे तुमच्या भागातली एक खोड मोडावी लागेल. लग्नाला पुढारी येतात, माईकवर त्यांची नावं पुकारली जातात, शाल-श्रीफळ-फेटा होतो, मग 'दोन शब्द'. एक येतो, दुसरा वाटेत असतो, गुरुजी अंतरपाट हातात धरून थांबलेले. या सत्कारांत पाऊण तास सहज जातो आणि तो पाऊण तास मागच्या रांगेतली म्हातारी माणसं भरतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने माणसं दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीलाही टेकला नव्हता. नुसत्या आकड्याने माणूस कोसळत नाही. सावलीविना किती तास बसवलं, हवेत किती दमटपणा होता आणि जवळ पाणी होतं का, यावर ते ठरतं. म्हणून सत्काराचा कार्यक्रम जेवणानंतर ठेवा किंवा ठेवूच नका. फेटे बांधायचेच असतील तर पाहुणे येतील तसे प्रवेशाशी बांधा, आणि सुती कापडाचे आणा. चकचकीत सॅटिनच्या फेट्यात डोकं शिजतं. मंगलाष्टकांचंही आधीच ठरवा. प्रत्येक मावशीने स्वतः रचलेलं एकेक म्हणायचं ठरवलं, तर सावधान व्हायची वेळ पाहुण्यांवर येते.

आता सावली. आमराई आहे म्हणून मंडप नको, असं बहिणीच्या मनात असेल तर तिला समजवा. आंब्याची सावली दाट असते पण ती सरकते. सातशे माणसांना खुर्च्या आणि मधल्या वाटा धरून साधारण ८० बाय १०० फुटांची जागा लागते आणि एवढी सलग सावली क्वचितच सापडते. मंडप झाडांना लागून असलेल्या मोकळ्या जागेत घाला. झाडं पश्चिमेला आणि मंडप त्यांच्या पूर्वेला येईल असं बघा. सकाळी दहा-साडेदहाला ऊन पूर्वेकडून पण बरंच वरून येतं, १५ फूट उंच छताखाली ते कडेच्या आठ-दहा फुटांतच शिरतं. तेवढ्यापुरती पूर्वेच्या बाजूला कनात लावली की झालं. दुपार झाली की हिशेब उलटतो. साडेचारला सावली उंचीच्या दीडपट लांब पडते, म्हणजे पश्चिमेकडून साधारण २२ फूट आतपर्यंत ऊन. मागे राहिलेल्या घरच्या माणसांना तेव्हा झाडं आडोसा देतील. व्यासपीठ पूर्वेला नको, नाहीतर अक्षता टाकताना सगळे डोळ्यांवर हात धरून उभे. दक्षिणेला किंवा उत्तरेला ठेवा. नवरा-नवरीने कोणत्या दिशेला तोंड करून बसायचं ते गुरुजी त्यात सांभाळून घेतील.

छत किमान १४-१५ फूट उंच मागा. मंडपवाला १० फुटांवर आणायला बघेल, कारण त्याचे बांबू आणि मेहनत वाचते. खाली पांढरं किंवा फिक्या रंगाचं कापड, वर ताडपत्री, आणि दोन्हींत हातभर अंतर. नुसती काळी-निळी ताडपत्री तव्यासारखी तापते आणि ती उष्णता सरळ डोक्यावर सोडते. तुम्ही शेतकरी आहात, घरात किंवा शेजारी शेडनेट असेलच. गाड्यांपासून मंडपापर्यंतच्या वाटेवर आणि हात धुण्याच्या जागेवर ते ताणा. चारही बाजू कनातीने बंद करू नका, वारा फिरायला दोन बाजू मोकळ्या हव्यात.

तुमच्या मंडपवाल्याचा फॉगर अगदीच टाकाऊ नाही. फलटणची हवा मेमध्ये कोरडी असते, तिथे पाण्याचा फवारा हवेत विरतो आणि खरोखर गार वाटतं. हेच कोकणात केलं असतं तर माणसं नुसती चिकट झाली असती. पण फॉगरचा नोझल बारीक असला पाहिजे. थेंब पडायला लागले तर पैठण्यांवर डाग आणि तुमच्यावर बोल. आदल्या दिवशी लावून बघा. विहिरीचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर नोझल तासाभरात बुजतात. बाकी साधे मोठे पंखे भरपूर लावा. पहाटे मंडपाच्या जागेवर पाणी मारून ठेवा, पण बेताने. जमीन काळी असेल तर आठ दिवस आधी एकदा भिजवून, वाफसा आला, म्हणजे ओल बेताची झाली, की रोलर फिरवून घ्या. ढेकळांवर अंथरलेल्या हिरव्या मॅटवर खुर्ची डगमगते आणि काठी टेकणारा माणूस हमखास अडखळतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. प्यायला माणशी दोन लिटर धरा. १,४०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ७० जार. ते एकाच टेबलावर मांडू नका. लोक गर्दी बघून परत फिरतात, म्हातारे तर उठतच नाहीत. मंडपाच्या चारही कोपऱ्यांत ठेवा आणि भावकीतली सात-आठ पोरं ट्रे घेऊन रांगांमधून फिरवा. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी पन्हं किंवा कोकम सरबत पडलं पाहिजे, गुलाबपाणी मग शिंपडा. हात धुवायला, भांड्यांना आणि स्वच्छतागृहांना वेगळा टँकर लागेल. सरबतात बर्फ टाकणार असाल तर तो खाण्याचा आहे ना, हे स्वतः बघा. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे. पण बाजारात सगळे तो पाळतात असं समजू नका. शंका आली तर लाद्या जारभोवती रचा, पेल्यात टाकू नका.

स्वच्छतागृहाबद्दल कोणी बोलत नाही आणि लग्न संपल्यावर बायका आपसांत बोलतात ते फक्त त्याचंच. बऱ्याच जणी शेतातलं लग्न म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते ती त्यांनाच. सातशे माणसांना कमीत कमी दहा शौचकूप हवेत, त्यांतले सहा-सात बायकांचे. भाड्याने फिरती स्वच्छतागृहं मिळतात. नगरपालिकेकडेही विचारून बघा. नऊवारी नेसलेल्या बाईला अरुंद डब्यात काय कसरत करावी लागते, याचा विचार करून एक-दोन ऐसपैस घ्या. आत बादली, मग, खुंटी, आरसा आणि कचऱ्याची झाकणाची पेटी. बाहेर एक बाई पूर्ण वेळ नेमा आणि तिला चांगले पैसे द्या. वाऱ्याची दिशा बघून जागा ठरवा. वस्तीवरच्या घरातली एक खोली लेकुरवाळ्यांसाठी आणि साडी बदलण्यासाठी मोकळी ठेवा. तिथे रुखवताचं सामान कोंबू नका.

जेवणात मी बासुंदी आणि खव्याचे पदार्थ बाद करीन. सकाळच्या लग्नाला जिलबी-मठ्ठा, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर पुष्कळ झालं. मे आहे म्हणून आमरस हवाच असेल तर आंबा बर्फाच्या पेटीतून काढून थोडा थोडा रस करायला सांगा, पहाटे एकदम पातेलंभर नको. आचाऱ्याला निक्षून सांगा की भात दोन-तीन खेपांत शिजवायचा. उन्हाळ्यात शिजलेलं अन्न कोमट अवस्थेत तासाभराहून जास्त पडून राहिलं की बिघडायला लागतं. लग्नातल्या विषबाधा बहुतेक वेळा अशाच होतात. बुफे तरुणांना ठीक आहे. पण साठीच्या पुढच्यांना एका हातात ताट धरून उन्हात रांग लावायला लावणं मला पटत नाही. टेबल-खुर्चीची एक पंगत त्यांच्यासाठी वेगळी, वाढप्यांसकट. चुली आणि सिलिंडर मंडपापासून निदान ४० फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिथे आग विझवायचं सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या असल्याच पाहिजेत.

एक गोष्ट तुमच्या मंडपवाल्याने सांगितलेली नसणार: आग्या मोहोळ. लग्नाच्या पंधरा दिवस आधी आमराईतला, बांधावरच्या वडा-पिंपळाचा आणि पाण्याच्या टाकीखालचा कानाकोपरा बघून घ्या. होमाचा धूर, फटाके, ड्रोनची घरघर, यांनी मोहोळ उठलं तर पळायला वाट सापडत नाही. दिसलं तर पोरांना दगड मारू देऊ नका आणि धूरही करू नका. मधमाश्या हलवणारी जाणकार माणसं असतात, तालुक्याच्या कृषी किंवा वन खात्यात चौकशी केली की पत्ता लागतो. फटाके या लग्नात नकोतच. आणि ड्रोन हवाच असेल तर झाडांवरून नाही, मोकळ्या रानावरून.

गाड्या लावायला गव्हाचं रिकामं रान सोयीचं वाटेल, पण वाळलेल्या काडावर तापलेल्या सायलेन्सरची गाडी उभी केली तर पेट घेऊ शकतो. ते रान नांगरून किंवा साफ करून घ्या. शेतरस्त्यावर जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठेवा. एकच वाट असेल तर दोन पोरं दोन टोकांना फोन घेऊन उभी करा. मुरूम टाकायचा असेल तर आत्ताच टाका. आदल्या रात्री वळीव झाला तर काळ्या मातीत गाड्या रुततील, तेव्हा एक ट्रॅक्टर साखळीसकट तयार ठेवा. मंडपाच्या दारापर्यंत वयस्करांना आणायला एक छोटी गाडी सतत फिरती हवी. ॲम्ब्युलन्सला यायची वाट शेवटपर्यंत मोकळी राहिली पाहिजे, तिथे नवरदेवाची सजवलेली गाडीसुद्धा लावायची नाही.

आजींसारख्यांची जागा पुढच्या रांगेत फोटोसाठी ठरवू नका, पंख्याजवळ आणि बाहेर पडायच्या वाटेलगत ठरवा. हाताच्या खुर्च्या मागवा, बिनहाताच्या प्लॅस्टिक खुर्चीतून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना ऊन लवकर बाधतं, त्यांच्याकडे घरच्या एकाचं लक्ष हवं. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा, एका लिटर पाण्याला एक. कोणी बरळायला लागलं, अंग तापून भाजायला लागलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन मात्र वळवाच्या वेळेत येतं. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या, आसपास वीज पडतेय का ते त्यात कळतं. गडगडाट सुरू झाला की झाडांखालून आणि मंडपातून सगळ्यांना घरात किंवा गाड्यांत न्या. कोणी 'एवढं ओवाळून घेऊ' म्हणालं तरी. हे सांगायचा अधिकार एकाच माणसाचा असावा आणि तो तुम्ही नसावं, कारण तुम्ही तेव्हा व्याह्यांच्या पाया पडत असाल. एखादा ठाम स्वभावाचा मामा नेमा. वारा सुटला तर मंडप उडू नये म्हणून दोऱ्या खुंट्यांना आहेत की नुसत्या फांद्यांना, हे त्या मामाने दुपारीच बघायचं. आवाजाचं म्हणाल तर रात्री दहानंतर स्पीकर बंद हा कायदाच आहे, सकाळच्या लग्नाला वऱ्हाडाची झोपही तेवढीच गरजेची.

पत्रिकेत खरी वेळ छापा: मुहूर्त अमुक, भोजन साडेदहापासून. खाली एक ओळ, 'लग्न शेतात आहे, सुती कपडे आणि टोपी चालेल'. त्याने कोणाचा मान कमी होत नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण एवढं सगळं कुठून करायचं असं मनात आलं असेल. प्रवेशाची फुलांची कमान, थंड धुराचं यंत्र आणि नवरीच्या प्रवेशाची पालखी-लायटिंग, एवढं काढलं तरी उंच छताचा, पंख्यांचा आणि स्वच्छतागृहांचा बराचसा खर्च त्यातून भागेल. सकाळी उजेडात लायटिंग दिसतही नाही.

आईंसाठी एक करा. फलटणात मुक्कामाच्या खोल्यांसाठी जे कार्यालय घ्याल, त्याचा हॉलही त्या दिवसापुरता मोकळा आहे का विचारा आणि मालकाशी आधीच बोलून ठेवा, की आदल्या रात्री पावसाने मंडप बसला तर सकाळी अक्षता तिथे टाकायच्या. किती आगाऊ घेणार आणि हॉल लागला नाही तर किती परत देणार, ते कागदावर लिहून घ्या.